कागद, माती आणि भेंडीचे ठसे

मुलांच्या हस्तकलेला लागणारे बहुतेक साहित्य घरात आधीच असते. रद्दीतली वर्तमानपत्रे, जुन्या लग्नपत्रिका, पुठ्ठ्याची खोकी, कणीक, मीठ, हळद, आगपेटीच्या काड्या आणि कुंडीतली किंवा अंगणातली माती एवढ्यावर दिवाळीची सुटी रंगीत होऊ शकते. यातल्या प्रत्येक वस्तूचा स्वभाव वेगळा. कागद घडी धरतो, माती बोटाचा दाब जसाच्या तसा उचलते, खळ वाळेपर्यंत थांबावे लागते, अळीव ओल मिळाल्याशिवाय रुजत नाही. हे स्वभाव हाताला कळू लागले की वस्तू चांगल्या होतात, म्हणून या लेखाची मांडणीही साहित्याच्या क्रमाने केली आहे.

हाताने शिकण्याची परंपरा

लहान मुलांच्या शिक्षणात हस्तकलेला मानाचे स्थान देण्याचे श्रेय जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिश फ्रोबेल यांना जाते. १८३७ मध्ये त्यांनी बाड ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी संस्था सुरू केली आणि पुढे तिलाच ‘किंडरगार्टन’ हे नाव मिळाले. कागदाच्या घड्या, कातरकाम, पट्ट्यांचे विणकाम आणि मातीकाम हे तिथल्या शिक्षणाचे नियमित भाग होते. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. महागडी शैक्षणिक साधने खेड्यात परवडणार नव्हती. तेव्हा या दोघींनी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने आणि फुले यांनाच साधने केले. बोर्डी आणि पुढे कोसबाड इथल्या बालवाड्यांनी दाखवून दिले की स्थानिक वस्तूंनी शिक्षणाचा दर्जा कमी होत नाही, उलट मूल आपल्या परिसराशी जोडले जाते.

याच वाटेवरचे पुढचे मोठे नाव अरविंद गुप्ता यांचे. अभियंता असलेले गुप्ता १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब व आगपेटीच्या काड्या यांतून त्यांनी भूमितीचे नमुने तयार केले. पुढे पुण्यात आयुका या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून असंख्य खेळणी बनवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आधी खळ

कागदकामाला घरची खळ पुरते आणि ती तोंडात गेली तरी भीती नसते. चार चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवावा, त्यात कपभर पाणी घालावे आणि मंद आचेवर सतत ढवळत शिजवावे. उष्णतेने पिठातल्या स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि पांढरे मिश्रण दाट, किंचित पारदर्शक होते. इथेच गॅस बंद करावा. ही खळ फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकते. पुस्तकबांधणीच्या खळीत कसर लागू नये म्हणून पूर्वी मोरचूद घालत. मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या खळीत तो कधीही घालू नये. खळ बोटाने पातळ पसरावी. जाड थर दिला तर कागद ओला होऊन सुरकुततो, ही गोष्ट मुलांना पहिल्याच कामात समजते.

कागद

ए-फोर आकाराचा कागद २९७ मिलिमीटर लांब आणि २१० मिलिमीटर रुंद असतो. त्याची आखूड कड तिरकी घडी घालून लांब कडेवर आणली की २१ सेंटिमीटरचा चौरस मिळतो आणि ८.७ सेंटिमीटर रुंदीची पट्टी उरते. चौरस घड्यांच्या कामाला वापरावा. पट्टी टाकू नये, ती विणकामात किंवा कंदिलाच्या झिरमिळ्यांना कामी येते.

*जाळीची नक्षी.* पतंगाच्या कागदाचा चौरस आधी मधोमध, मग पुन्हा मधोमध आणि शेवटी कोपऱ्यातून तिरका दुमडावा. आता आठ पदर होतात. कडांवर त्रिकोण, अर्धगोल किंवा पाकळ्या कापल्या की उलगडल्यावर मोकळ्या कडेवरचा प्रत्येक आकार आठ वेळा आणि घडीवरचा चार वेळा दिसतो. सगळ्या घड्या जिथे मिळतात ते टोक मात्र पूर्ण कापू नये, नाहीतर मध्यभागी भोक पडते. काही मुलांना ते भोकही आवडते आणि मग दुसरी नक्षी ती मुद्दाम तशीच कापतात. अशा नक्ष्या सुतळीवर चिकटवून तोरण होते. हीच नक्षी जाड कागदावर कापली तर रांगोळीचा छापा तयार होतो: कागद जमिनीवर सपाट ठेवायचा, चाळणीने रांगोळी भुरभुरायची आणि कागद सरळ वर उचलायचा. मथुरा-वृंदावनच्या सांझी कलेत बारीक कापलेल्या कागदी साच्यांतून रंग भुरभुरून चित्रे काढतात, त्याच तत्त्वाचे हे सोपे रूप.

*कागदी चटई.* रंगीत कागद मधोमध दुमडून घडीच्या बाजूने दोन-दोन सेंटिमीटरवर चिरा द्याव्यात, दुसऱ्या बाजूला दोन सेंटिमीटर कड अखंड ठेवावी. कागद उलगडून दुसऱ्या रंगाच्या पट्ट्या एका चिरेखालून, दुसरीवरून अशा ओवाव्यात. पुढच्या ओळीत क्रम उलटा. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा हा क्रम दोन ओळींत चुकतो आणि तिसऱ्या ओळीत बसतो. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड, चकचकीत कागद यासाठी उत्तम. तयार चटया फराळाच्या ताटाखाली ठेवता येतात.

*आकाशकंदील.* बांबूच्या कामट्यांचा चांदणीचा कंदील मोठ्या मुलांनी मोठ्यांच्या मदतीने करावा. लहानांसाठी घडीचा कंदील सोपा. ए-फोर आकाराचा कार्डपेपर लांबीच्या दिशेने दुमडावा. घडीच्या बाजूने दीड-दोन सेंटिमीटरच्या अंतराने चिरा द्याव्यात आणि त्या मोकळ्या कडेच्या अडीच सेंटिमीटर आधी थांबवाव्यात. पिवळ्या पतंगाच्या कागदाची १८ सेंटिमीटर उंचीची नळी करून घ्यावी. कापलेला कागद उलगडून तिच्याभोवती असा गुंडाळावा की त्याची वरची कड नळीच्या वरच्या टोकाशी आणि खालची कड खालच्या टोकाशी चिकटेल. बाहेरचा कागद २१ सेंटिमीटर उंच आणि आतली नळी १८ सेंटिमीटर, त्यामुळे चिरांच्या पट्ट्या आपोआप बाहेर फुगतात. खाली झिरमिळ्या, वर पट्टीची कडी. आत बॅटरीवरचा छोटा एलईडी दिवा लावावा. पणती, मेणबत्ती किंवा तापणारा जुना बल्ब कागदी कंदिलात लावू नये. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, आणि कागदाच्या कंदिलाला त्याची गरजही पडत नाही.

*लगद्याची टोपली.* वर्तमानपत्राचे बारीक तुकडे रात्रभर पाण्यात भिजवावेत, सकाळी कुटून पाणी पिळून काढावे आणि लगद्यात थोडी खळ व भिजवून वाटलेली मेथी मळावी. मेथीने चिकटपणा येतो आणि कीड दूर राहते, म्हणून पूर्वीच्या घरगुती टोपल्यांत ती हमखास असे. पालथ्या वाडग्यावर प्लॅस्टिकचा कागद पसरून त्यावर अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर थापावा. उन्हात कडक वाळायला काही दिवस लागतात. मग टोपली सोडवून तिला गेरूचा हात द्यावा.

काड्या आणि ट्यूब

अरविंद गुप्तांची ही कृती आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी. आगपेटीच्या काड्यांचा गूल मोठ्यांनी खरवडून काढावा. व्हॉल्व्ह ट्यूबचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे करून त्यांच्या दोन्ही तोंडांतून काड्या खोचल्या की लवचीक सांधा तयार होतो. तीन काड्यांचा त्रिकोण दाबूनही आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच कलतो. एक तिरकी काडी बसवली की तोही घट्ट होतो. पूल, विजेचे मनोरे आणि छपरांच्या कैच्या यांत त्रिकोण का असतात, हे मुलाला बोटांनीच कळते.

ठसे

चित्र काढायला घाबरणारे मूलही ठसे आनंदाने उमटवते. भेंडी आडवी कापली की पाकळ्यांचे फूल दिसते. ढोबळी मिरचीचा काप तीन-चार कप्प्यांचा, कांद्याची वर्तुळे एकात एक, आणि पालकाच्या जुडीचे देठ बुडाशी एकत्र कापले की उमललेला गुलाब. बटाट्याचे दोन भाग करून सपाट बाजूवर हवा तो आकार कोरता येतो, मात्र सुरी मोठ्यांच्या हातात असावी. अक्षरे कोरताना ती उलटी कोरावी लागतात, कारण ठशात डावे-उजवे बदलते.

रंग थेट बशीत घेऊ नये. ओल्या कापडाच्या घडीवर किंवा स्पंजाच्या तुकड्यावर पोस्टर कलर पसरून ठशाची गादी करावी. भाजी कापल्यावर तिचे पाणी कागदाने टिपावे, नाहीतर रंग पसरतो. खाकी कागदावर असे ठसे उमटवले की भेटवस्तूंची वेष्टणे होतात, आणि तुकडे कापून दिवाळीची शुभेच्छापत्रे.

पानांचे ठसेही सुंदर येतात. रंग पानाच्या मागच्या बाजूला लावावा, कारण शिरा तिथे उठून दिसतात. पिंपळाचे पक्व पान दोन-तीन आठवडे पाण्यात भिजत ठेवले तर त्याचा गर कुजतो. मऊ ब्रशने हलकेच घासून तो काढला की शिरांची जाळी शिल्लक राहते. वाळवून ती गडद कार्डावर चिकटवावी. यासाठी पान सुटी लागण्याच्या बरेच आधी भिजत घालायला हवे.

स्वयंपाकघरातले रंग

हळदीचा पिवळा, बिटाचा गुलाबी, पालकाचा हिरवा आणि कॉफीचा तपकिरी हे रंग तासाभरात तयार होतात. हळदीची गंमत वेगळी. कागदाला हळदीच्या पाण्याचा हात देऊन तो वाळवावा आणि त्यावर कपडे धुण्याच्या साबणाच्या पाण्याने कापसाच्या काडीने चित्र काढावे. रेघा लाल-तपकिरी उमटतात, कारण अल्कधर्मी पदार्थात हळदीतल्या कर्क्युमिनचा रंग बदलतो. वरून लिंबाचा रस लावला की पिवळा परत येतो. हळदीला चुन्याची जोड देऊन कुंकू करतात, त्यामागेही हीच क्रिया आहे.

हळद आणि बिटाचे रंग उन्हात लवकर उडतात. टिकाऊ रंग हवा असेल तर गेरू वापरावा. तो लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे मातीचाच रंग असल्याने फिका पडत नाही. वारली चित्रांची लाल पार्श्वभूमी गेरूची आणि पांढरे आकार तांदळाच्या पिठाचे असतात. जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागद-कापडावर आणून जगभर पोहोचवली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुठ्ठ्याला गेरू लावून, तांदळाच्या पिठीत थोडा डिंक कालवून, चेचलेल्या काडीने मुलांनीही वर्तुळ, त्रिकोण आणि रेघांतून आपल्या घरची दिवाळी रंगवावी.

कणीक, पणत्या आणि किल्ला

दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ आणि साधारण एक वाटी पाणी यांचा घट्ट गोळा मळला की खेळण्याची माती तयार होते. मिठामुळे तिला लवकर बुरशी लागत नाही. मणी, फळे, प्राणी करून ते उन्हात वाळवावेत आणि मग रंगवावेत. वस्तू एक सेंटिमीटरपेक्षा जाड नसाव्यात, नाहीतर त्या आत ओल्या राहतात आणि तडकतात.

पणत्या रंगवण्याआधी काही तास पाण्यात बुडवून पूर्ण वाळवाव्यात. भिजवलेली पणती तेल कमी पिते. रंग फक्त बाहेरच्या बाजूने द्यावा आणि वातीचे टोक कोरे ठेवावे.

मुलांच्या सगळ्या हस्तकलांचा मेळ किल्ल्यात बसतो. दगड-विटांचा डोंगर रचून त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट पसरावे आणि त्यावर अळिवाच्या बिया पेराव्यात. या बिया भिजल्या की त्यांच्याभोवती चिकट आवरण येते, त्यामुळे त्या उतारावरूनही घसरत नाहीत. दोन-तीन दिवसांत त्यांना कोंब फुटतात आणि हिरवळ दिसू लागते. नुसता उंचवटा रचण्याऐवजी खरा किल्ला निवडावा. राजगडाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या आणि मध्ये बालेकिल्ला, म्हणून त्याचा आराखडा मुलांना चटकन समजतो. सिंधुदुर्ग करायचा तर परातीत पाणी भरून मध्ये बेट रचावे. नकाशा पाहून बुरूज, दरवाजे आणि टाकी दाखवली की इतिहासाच्या पुस्तकातली नावे जागेवर बसतात. तटबंदी पुठ्ठ्याची, घरे आगपेट्यांची आणि मावळे मिठाच्या कणकेचे करता येतात.

वय आणि मदत

तीन वर्षांखालच्या मुलांना बिया, मणी आणि ट्यूबचे तुकडे देऊ नयेत, ते घशात अडकू शकतात. त्यांच्यासाठी कागद फाडणे, ठसे आणि कणीक. चार ते सहा वर्षांच्या मुलांना बोथट टोकाची कात्री, जाळी आणि चटई जमते. सात वर्षांपुढे कंदील आणि टोपली, आठ वर्षांपुढे काड्यांचे नमुने. सुरी, गॅस आणि कटर मोठ्यांकडे असावेत, बाकी सगळे काम मुलांचे. वाकडी घडी मोठ्यांनी सरळ करू नये. ती उलगडून पुन्हा घालण्याइतका वेळ मुलाला द्यावा, कारण हाताचे कसब त्या वेळातच तयार होते. सुटी संपल्यावर कागद रद्दीत आणि किल्ल्याची माती कुंडीत जाते. जी वस्तू जपायची असेल तिच्यामागे मुलाचे नाव आणि वर्ष लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या दिवाळीत हाताची प्रगती त्याला स्वतःलाच पाहता येईल.