मादाम द पाँपादूर यांचा छापचित्रसंच

मादाम द पाँपादूर यांचा छापचित्रसंच हा १८व्या शतकाच्या मध्यास फ्रेंच राजदरबारात तयार झालेला अम्लरेखनचित्रांचा संच आहे. राजा पंधरावा लुई याचा रत्नकोरक झाक गे (१७११–१७९३) याने कोरलेल्या रत्नांवरून चित्रकार फ्रांस्वा बूशे याने रेखाटने केली आणि त्यांवरून मार्किझ द पाँपादूर (१७२१–१७६४) यांनी ताम्रपटांवर अम्लरेखन केले. सुमारे १७५५ मध्ये सिद्ध झालेल्या या संचात ५२ चित्रे होती. त्याच्या मोजक्याच प्रती खाजगीरीत्या काढण्यात आल्या.

तंत्र

रत्न फिरत्या चाकतीवर तेल व हिऱ्याची पूड यांच्या साहाय्याने कोरले जाई. खोलगट कोरीवकाम मोहरेसाठी उपयोगी पडे. उठावाच्या कामात दगडातील निरनिराळ्या रंगांच्या थरांचा उपयोग करून घेतला जाई. अम्लरेखनात तांब्याच्या पत्र्यावर आम्लरोधक लेप देऊन सुईने रेघा ओढतात. आम्लाने उघडे पडलेले तांबे झिजते आणि त्या रेघांत शाई भरून ठसा घेतात. बोटाच्या पेराएवढ्या रत्नावरील बारकावे अशा रीतीने मोठ्या आकारात कागदावर आले.

रूपके

काही रत्नांचे विषय राजकीय आहेत: फाँतन्वाच्या लढाईतील विजय (१७४५), राजाचा नातू ड्यूक ऑफ बर्गंडी याचा जन्म (१७५१) आणि ऑस्ट्रियाशी झालेली मैत्री (१७५६, याचे चित्र संचात नंतर जोडले गेले). मैत्रीच्या रत्नावर दोन राष्ट्रे स्त्रीरूपात वेदीवर हस्तांदोलन करतात. या मैत्रीला पाँपादूर यांचा पाठिंबा होता. मात्र त्याच वर्षी सुरू झालेल्या सप्तवार्षिक युद्धाचा शेवट १७६३ मध्ये फ्रान्सने बऱ्याच वसाहती गमावण्यात झाला. रत्नावरील सलोखा हा दरबाराला हवा असलेला अर्थ होता. घटनांचा निर्णय वेगळा लागला.

कर्तृत्वाचा प्रश्न

अनेक चित्रांवर रेखाटनकार म्हणून बूशे आणि रेखनकार म्हणून पाँपादूर यांची नावे आहेत. पाँपादूर यांच्या रेखनावर व्यावसायिक कलावंतांचा हात किती फिरला, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तरीही राजाच्या मर्जीवर स्थान अवलंबून असलेल्या स्त्रीने स्वतःला केवळ आश्रयदाती न म्हणवता कलाकार म्हणून नोंदवणे, हे या संचाचे वैशिष्ट्य मानले जाते.

पुढील काळ

पाँपादूर यांनी मृत्युपत्राद्वारे गे याची रत्ने राजाला दिली. त्यांतील अनेक आज पॅरिसमधील फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या नाणी-पदक विभागात आहेत. संचाची वाढीव आवृत्ती १७८२ मध्ये निघाली.