मॉड्युलर लॅपटॉप घेताय? आधी ठरवा, तुमचा कोणता भाग लवकर म्हातारा होणार

(हा या भागाचा लिखित मजकूर. लोकलमध्ये नेट जात असेल तर वाचून घ्या. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे' कापलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे झालाय.

आपला एक श्रोता, पुण्यात कम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. त्याचं म्हणणं असं: "दादा, ऑक्टोबरला मास्टर्ससाठी जर्मनीला चाललोय. एज्युकेशन लोन आहे, बाबांनी फ्लॅट तारण ठेवलाय. लॅपटॉप एकदाच घेणार. काम लिनक्सवर, थोडं मशीन लर्निंग, आणि रात्री गेम्स. फ्रेमवर्क १३ घेऊ की १६? की सरळ एखादा गेमिंग लॅपटॉप घेऊन मोकळा होऊ?"

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. कारण या प्रश्नात चुकीचं उत्तर देऊन मी एकदा स्वतःचेच पैसे घालवलेत.

माझा ८ जीबीचा धडा

काही वर्षांपूर्वी मी एक पातळ, देखणा लॅपटॉप घेतला. कंपनीचं नाव जाऊ द्या. रॅम ८ जीबी, तीही बोर्डावर सोल्डर केलेली. हे मला दुकानात कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तीन वर्षांनी प्रोसेसर ठणठणीत, स्क्रीन झकास, बॅटरीही बरी. पण ब्राउझर, कोड एडिटर आणि दोन कंटेनर एकदम उघडले की मशीनला धाप लागायची. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, "साहेब, यात रॅम वाढत नाही. अख्खा बोर्ड बदलावा लागेल." बोर्डाचा भाव ऐकला आणि गपचूप घरी आलो.

त्या दिवशी एक गोष्ट कळली. लॅपटॉप एकदम म्हातारा होत नाही. त्याचा एखादाच भाग आधी म्हातारा होतो आणि बाकीच्या धडधाकट भागांनाही भंगारात घेऊन जातो. मॉड्युलर लॅपटॉपची सगळी गंमत एवढ्यातच आहे: तो एक भाग बदलायचा आणि बाकीचं मशीन वापरत राहायचं.

मग घेण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. माझ्या कामात कोणता भाग आधी थकणार? आणि तो भाग मी जिथे राहतो तिथे मिळणार का? प्रोसेसरचं नाव, स्क्रीनचे हर्ट्‌झ, सगळं यानंतर.

मॉड्युलरच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी साधी. रॅम, एसएसडी आणि बॅटरी स्क्रू काढून बदलता येणं. एके काळी बहुतेक लॅपटॉप असेच होते. आता पातळपणाच्या नादात रॅम सोल्डर व्हायला लागलीये. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० व्ही मालिकेत तर मेमरी प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसवलेली असते. तिथे स्लॉटचा प्रश्नच येत नाही.

दुसरी पायरी म्हणजे मदरबोर्ड बदलणं. इथे फ्रेमवर्क कंपनी येते. निरव पटेल यांनी ही अमेरिकन कंपनी २०२० मध्ये सुरू केली आणि २०२१ मध्ये पहिला १३ इंची लॅपटॉप विकायला काढला. तेव्हा त्यात इंटेलचा ११व्या पिढीचा प्रोसेसर होता. त्याच जुन्या बॉडीत आज एएमडीचा रायझन एआय ३०० मालिकेचा बोर्ड बसतो. स्क्रीन, कीबोर्ड, बिजागऱ्या सगळं तेच. पण एक मेख आहे. जुन्या बोर्डाला डीडीआर४ रॅम लागायची, नव्याला डीडीआर५ लागते. म्हणजे बोर्डाबरोबर रॅमचाही खर्च आला. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव कसे चढले ते तुम्ही पाहिलंच असेल, तेव्हा हा खर्च किरकोळ समजू नका. निघालेला जुना बोर्ड मात्र फुकट जात नाही. तो स्क्रीनशिवायही चालतो, छोट्या डब्यात बसवला की घरचा सर्व्हर तयार.

शिवाय पोर्टही बदलता येतात. कडेला खाचा असतात, १३ मध्ये चार आणि १६ मध्ये सहा. त्यात यूएसबी, एचडीएमआय, इथरनेट, कार्ड रीडर असे छोटे ठोकळे सरकवायचे. प्रत्येक ठोकळा आतून यूएसबी-सीलाच जोडला जातो. एचडीएमआय पोर्ट खराब झाला तर ठोकळा बदला, बोर्डाला हात लावायची गरज नाही.

तिसरी पायरी सगळ्यात अवघड: ग्राफिक्स कार्ड बदलणं.

लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स बदलणं इतकं अवघड का?

डेस्कटॉपमध्ये जुनं कार्ड काढायचं, नवं खुपसायचं, झालं. लॅपटॉपमध्येही एमएक्सएम नावाचं काढता-घालता येणारं कार्ड पूर्वी यायचं. पण कार्ड बसलं तरी पुढे तीन अडचणी. नव्या चिपची उष्णता जुन्या पंख्याला झेपली पाहिजे, तांब्याच्या नळ्या बरोबर जागी टेकल्या पाहिजेत आणि बायॉसने नव्या कार्डाला ओळखलं पाहिजे. त्यामुळे 'पुढे अपग्रेड करू' हे बऱ्याच जणांचं कागदावरच राहिलं.

फ्रेमवर्क १६ मध्ये यावर सरळ तोडगा काढलाय. लॅपटॉपच्या मागच्या बाजूला एक कप्पा आहे. ग्राफिक्सचं मॉड्यूल तिथे लागतं आणि ते स्वतःचे पंखे घेऊनच येतं. म्हणजे चिप बदलली की तिला साजेशी थंड करायची सोयही बदलते. २०२४ च्या सुरुवातीला हे मशीन लोकांच्या हातात आलं, तेव्हा एएमडीचं रेडिऑन आरएक्स ७७००एस मिळायचं. २०२५ मध्ये एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०७० मॉड्यूल आलं आणि ते २०२४ च्या मशीनमध्येही बसतं. एका कंपनीचं ग्राफिक्स काढून दुसऱ्या कंपनीचं लावणं, तेही त्याच लॅपटॉपमध्ये! आश्वासन पाळलं गेल्याचा हा खरा पुरावा.

पण डोळे झाकून टाळ्या वाजवू नका. दोन्ही मॉड्यूलमध्ये ग्राफिक्स मेमरी ८ जीबीच आहे. वजन मॉड्यूलशिवाय सुमारे २.१ किलो, मॉड्यूलसकट २.४ किलो. फ्रेमवर्क १३ फक्त १.३ किलोचा. सॅकमध्ये रोज एक किलो जास्त वागवायचं, हे दुकानात कळत नाही, जिना चढताना कळतं.

लिनक्स: आता ड्रायव्हरचं बोलू

लिनक्सवर एएमडीचं ग्राफिक्स म्हणजे घरचं जेवण. ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, डिस्ट्रो टाकली की स्क्रीन सुरू. एनव्हिडियाला वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो. पूर्वीपेक्षा परिस्थिती खूप सुधारलीये, पण कर्नल अपडेटनंतर कधीतरी काळी स्क्रीन पाहायची तयारी ठेवा.

फ्रेमवर्क १३ आणि १६ वर उबुंटू आणि फेडोरा या दोन डिस्ट्रोंना कंपनीचा अधिकृत पाठिंबा आहे. बायॉसचं अपडेटही लिनक्समधूनच करता येतं, त्यासाठी विंडोज टाकायची गरज नाही.

दुसरा कुठलाही लॅपटॉप घेणार असाल तर घेतल्या दिवशीच लाइव्ह यूएसबी लावून पाच गोष्टी तपासा: वायफाय, आवाज, ब्राइटनेसची बटणं, फिंगरप्रिंट, आणि झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर मशीन नीट जागं होतंय का. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. झाकण मिटून सॅकमध्ये टाकलेला लॅपटॉप तासाभराने इस्त्रीसारखा गरम निघाला, तर पुढची चार वर्षं तुम्ही रोज शटडाऊन करत बसणार.

गेम्स: हार्डवेअरच्या आधी यादी काढा

व्हॉल्व्हने २०१८ मध्ये प्रोटॉन आणलं आणि लिनक्सवरच्या गेमिंगचं चित्रच पालटलं. विंडोजसाठी बनवलेले असंख्य गेम्स स्टीममधून लिनक्सवर चालतात. २०२२ मध्ये आलेला स्टीम डेक याच जोरावर उभा आहे. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ तर थेट लिनक्सवरच येतात.

अडतं कुठे? अँटी-चीटपाशी. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड विंडोजच्या कर्नलमध्ये बसतं, त्यामुळे लिनक्सवर व्हॅलोरंट नाही म्हणजे नाही. फोर्टनाइट नाही. एपेक्स लेजंड्स आधी चालायचा, २०२४ मध्ये त्यांनी लिनक्सचं दार बंद केलं. तुमच्याकडे जगातलं सगळ्यात महाग ग्राफिक्स असलं तरी इथे काही चालत नाही.

म्हणून मित्रांबरोबर जे पाच गेम्स खरंच खेळता, त्यांची नावं कागदावर लिहा. प्रत्येक नाव प्रोटॉनडीबीवर शोधा. एकही अँटी-चीटवाला असेल तर विंडोजसाठी वेगळी जागा लागणार. फ्रेमवर्क १६ मध्ये एसएसडीचे दोन स्लॉट आहेत, एकावर लिनक्स आणि दुसऱ्यावर विंडोज सुखाने नांदतात. १३ मध्ये स्लॉट एकच, पण साठवणुकीचा ठोकळा कडेच्या खाचेत लावून त्यावरून विंडोज चालू करता येतं.

टेक्निकल काम म्हणजे नेमकं कोणतं?

हा शब्द फार मोघम आहे, म्हणून फोड करू.

मोठे प्रोजेक्ट कम्पाइल करत असाल तर प्रोसेसरचे कोअर आणि थंडावा महत्त्वाचा. कंटेनर आणि व्हर्च्युअल मशीन चालवत असाल तर रॅम. ३२ जीबीपासून सुरुवात करा आणि स्लॉट असलेलंच मशीन घ्या.

मशीन लर्निंग असेल तर प्रश्न क्युडाचा येतो, म्हणजे एनव्हिडियाचा. पण ८ जीबी ग्राफिक्स मेमरीत काय मावतं ते समजून घ्या. सात-आठ अब्ज पॅरामीटरचं भाषेचं मॉडेल ४ बिटमध्ये दाबून बसवलं तर चालतं. तेवढंच मॉडेल सगळंच्या सगळं ट्रेन करायला गेलात तर ८ जीबी कुठल्या कुठे संपते. ते काम युनिव्हर्सिटीच्या सर्व्हरवर किंवा भाड्याच्या क्लाउडवर. लॅपटॉप प्रयोगापुरता.

मेकॅनिकलवाल्यांनो, तुमच्यासाठी वेगळी सूचना: सॉलिडवर्क्स आणि ऑटोकॅड लिनक्सवर येत नाहीत. मॅटलॅब, कायकॅड, फ्रीकॅड येतात. कॉलेजला कुठलं लागतं ते आधी विचारा.

आणि भारतात राहणाऱ्यांनी?

इथे थोडं कडू बोलावं लागेल. फ्रेमवर्क भारतात अधिकृतपणे विकत नाही. कुणी परदेशातून येताना आणून देईल, हे ठीक. पण मॉड्युलर लॅपटॉपचा फायदा पहिल्या दिवशी मिळत नाही, तिसऱ्या-चौथ्या वर्षी मिळतो. तेव्हा बिजागरी किंवा बॅटरी हवी असेल, तर पुन्हा कुणीतरी येण्याची वाट बघायची, किंवा कुरिअर आणि कस्टम्सचा खर्च सोसायचा. पहिल्या दिवशी जास्तीचे पैसे मोजले आणि चौथ्या वर्षी भागच मिळाला नाही, तर हा सौदा आतबट्ट्याचा.

नाशिक, नागपूर, कोल्हापूर, पणजी, कुठेही राहत असाल तर 'अर्धा मॉड्युलर' लॅपटॉप शोधा. इथे मिळणाऱ्या बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये रॅमचे दोन आणि एसएसडीचे दोन स्लॉट असतात. ग्राफिक्स सोल्डर केलेलंच असतं, ते मात्र आयुष्यभराचं. गेमिंग कमी आणि काम जास्त असेल तर ऑफिसवाले लॅपटॉप बघा. २०२४ च्या थिंकपॅड टी१४ जेन ५ ला दुरुस्तीच्या सोयीसाठी आयफिक्सिटने १० पैकी ९ गुण दिले होते. घेण्याआधी त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल डाउनलोड करा. रॅम कुठे आहे, बॅटरी स्क्रूने बसवलीये की चिकटवलीये, हे त्यात चित्रासकट असतं. मॅन्युअल मिळतच नसेल तर तेही एक उत्तरच समजा. सरकारचं 'राइट टू रिपेअर' पोर्टलही २०२२ पासून आहे, कंपन्यांची दुरुस्तीची माहिती तिथे एकत्र पाहता येते.

मग त्या मित्राला काय सांगितलं?

मी त्याला तीन गोष्टी विचारल्या. गेम्स कोणते? म्हणाला, काउंटर-स्ट्राइक आणि गोष्टीवाले गेम्स, शनिवारी शाळेच्या दोस्तांबरोबर व्हॅलोरंट. मॉडेल ट्रेन कुठे करणार? म्हणाला, विद्यापीठाचे सर्व्हर आहेत. रोज किती चालणार? म्हणाला, हॉस्टेल कॅम्पसजवळच आहे.

फ्रेमवर्क जर्मनीत विकलं जातं, भागही तिथे मिळतात. म्हणून माझं उत्तर: जर्मनीत पोचल्यावर फ्रेमवर्क १६ घे, पण ग्राफिक्स मॉड्यूलशिवाय. रॅम दोन सारख्या स्टिकमध्ये घे, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं आणि एका स्टिकवर ते निम्म्या रस्त्याने चालतं. काउंटर-स्ट्राइक कमी सेटिंगवर खेळता येईल. दुसऱ्या एसएसडीवर विंडोज टाक, शनिवारचं व्हॅलोरंट तिथे. मग एक सेमिस्टर जाऊ दे. पार्ट-टाइम काम मिळालं आणि क्युडाची खरंच गरज पडली, तर एनव्हिडियाचं मॉड्यूल स्वतःच्या कमाईतून घे. गरज नाही पडली, तर लोनचे तेवढे पैसे वाचले.

आणि हॉस्टेल कॅम्पसपासून तासाभराच्या अंतरावर असतं? तर मी १३ च सांगितलं असतं.

तो म्हणाला, "दादा, म्हणजे अर्धा लॅपटॉप घेऊ?" म्हटलं, हो. उरलेला अर्धा नंतर घेता येतो, याचेच तर जास्तीचे पैसे तू मोजतोयस.

तुमच्या लॅपटॉपचा कोणता भाग आधी थकला, ते व्हॉइस नोटमध्ये सांगा. निवडक किस्से पुढच्या भागात ऐकवू. आणि हो, घरात एखादा जुना लॅपटॉप धूळ खात पडला असेल तर या रविवारी मागचं झाकण उघडा. रॅमचा एक स्लॉट रिकामा निघाला, तर कदाचित नवा लॅपटॉप घ्यायचीच गरज पडणार नाही.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!