कच्चा लिंबू की रडीचा डाव?

लपाछपी, लगोरी, डबा ऐसपैस खेळत आपण मोठ्या झालो. त्या खेळांचे नियम कुठे छापलेले नव्हते. धाकट्या भावंडाला 'कच्चा लिंबू' म्हणून घ्यायचं, त्याच्यावर राज्य द्यायचं नाही, हे सगळ्यांना मान्य असायचं. पण राज्य घेणारी बोटांच्या फटीतून बघताना सापडली, की 'रडीचा डाव खडी' म्हणत सगळ्या तिच्यावर तुटून पडायच्या. सवलत कुठली आणि लबाडी कुठली, हे तेव्हाही आपल्याला पक्कं कळत होतं.

आता खेळ मोबाइलमध्ये गेला आणि आपण आया गोंधळलो. बचत गटाच्या कामानिमित्त माझं घरोघरी जाणं होतं. एका घरी सातवीतल्या मुलाने नुकताच मार खाल्ला होता. त्याने गेममध्ये 'मॉड' टाकून न संपणारी नाणी मिळवली होती. चुलतभावाने 'हा चीटर आहे' म्हणून घरभर बोभाटा केला. "ताई, आज गेममध्ये लबाडी, उद्या परीक्षेत करेल," आई म्हणाली. मुलगा मुसमुसत एवढंच म्हणत होता, "मी एकटाच खेळतो. मी फसवलं कुणाला?"

प्रश्न रास्त आहे, मैत्रिणींनो. मॉड म्हणजे तयार गेममध्ये केलेला बदल. तयार ड्रेस आणून आपण टिपा उसवतो, बाह्या लावतो, तसंच काहीसं. हा वाद अमेरिकेत कोर्टापर्यंत गेला होता. निन्टेन्डो कंपनीच्या गेमला जोडायचं 'गेम जिनी' नावाचं एक उपकरण गलूब कंपनी विकत असे. ते लावलं की खेळणाऱ्याला जास्तीचे 'जीव' मिळत. निन्टेन्डोने दावा लावला आणि ती हरली. १९९२ साली अपिलातही निकाल गलूबच्याच बाजूने लागला. विकत घेतलेला गेम घरी बसून आपल्या आवडीप्रमाणे बदलून खेळला, तर त्यात मूळ कंपनीचा हक्क बुडत नाही, असा त्याचा मथितार्थ.

उलट अशा बदलातून नवीन काही घडतं. कॅनडात शिकणारा मिन ली आणि त्याचा जोडीदार जेस क्लिफ यांनी १९९९ साली 'हाफ-लाइफ' या गेमवर एक मॉड तयार केला. मूळ गेमच्या व्हॉल्व्ह कंपनीने त्यांच्यावर डोळे वटारले नाहीत. तिने तो मॉडच आपल्याकडे घेऊन २००० साली बाजारात आणला. तोच जगभर गाजलेला 'काउंटर-स्ट्राइक'.

आता दुसरी बाजू बघा. याच काउंटर-स्ट्राइकच्या पुढच्या आवृत्तीची स्पर्धा ऑक्टोबर २०१८ मध्ये चीनमधल्या शांघायला होती. ऑप्टिक इंडिया संघातला आपला एक भारतीय खेळाडू तिथे पकडला गेला. नेम आपोआप साधून देणारा प्रोग्राम त्याने गुपचूप चालवला होता. संघ स्पर्धेतून बाद झाला, पुढे मोडीत निघाला. त्या खेळाडूवर पाच वर्षांची बंदी आली. बाकीच्या चौघांची मेहनतही त्याच्याबरोबर पाण्यात गेली.

बदल दोन्हीकडे आहे, मग फरक कशात? पहिल्यात सगळं उघड होतं. दुसऱ्यात समोरचा इमानेइतबारे खेळत होता आणि त्याला काही पत्ताच नव्हता. मला वाटतं, लबाडी मॉडमध्ये नसते, ती लपवण्यात असते.

मग त्या मुलाचं काय? त्याने दुसऱ्या खेळाडूला फसवलं नाही, हे खरं. पण जी नाणी कंपनी पैसे घेऊन विकते, ती फुकटात उकळली तर समोर खेळाडू नसला तरी दुकानदार असतोच की! आणि आणखी एक, जास्त काळजीची गोष्ट. असे फुकटचे मॉड बहुतेक वेळा प्ले स्टोअरच्या बाहेरून, कुठल्यातरी अनोळखी ठिकाणाहून उतरवलेले असतात. त्यांतून फोनमध्ये चोरटा प्रोग्राम शिरू शकतो. मुलं खेळतात आपल्याच फोनवर, आणि त्याच फोनमध्ये आपलं बँकेचं अ‍ॅप असतं, ओटीपीही तिथेच येतात. गटाच्या हप्त्याचे पैसे असे गेले, तर कुणाकडे दाद मागणार?

म्हणून हात उगारण्याआधी मुलाला जवळ बसवून तीन गोष्टी विचारा. तू एकटा खेळतोस की समोर कुणी आहे? समोर असेल, तर त्याला हा बदल माहीत आहे का? आणि हे तू उतरवलंस कुठून? तिसऱ्याचं उत्तर नीट देता आलं नाही, तर ते अ‍ॅप तिथल्या तिथे काढून टाका.

मार दिला, की पोरगं मॉड टाकायचं थांबत नाही, आपल्याला सांगायचं मात्र थांबतं. शेजारी बसून विचारलं, तर ते स्वतःच सांगेल, सवलत कुठे संपते आणि रडीचा डाव कुठे सुरू होतो. मुलांना ते कळतं, बरं का!