मसुद्याआधीचे प्रश्न

आईवडिलांच्या स्मरणार्थ वाचनालय काढायचे असो, की आपल्या पश्चात दिव्यांग मुलाच्या निर्वाहाची सोय लावायची असो, बोलताना आपण दोन्हींना ‘ट्रस्ट’च म्हणतो. कायदा मात्र त्यांना वेगळे मानतो. लोकांसाठीचा न्यास १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली येतो आणि धर्मादाय कार्यालयात नोंदवावा लागतो. ठरावीक व्यक्तींसाठीच्या खासगी न्यासाला १८८२ चा भारतीय न्यास अधिनियम लागू होतो. हयातीत त्यात घर किंवा जमीन घालायची, तर न्यासपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. म्हणून छत्रपती संभाजीनगरात या कामासाठी वकील शोधणाऱ्याने मसुदा किती दिवसांत मिळेल हे विचारण्याऐवजी, मसुद्याला हात घालण्यापूर्वी वकील आपल्याला काय काय विचारतो, याकडे लक्ष द्यावे.

मराठवाड्यात ही कसोटी अधिकच मोलाची आहे. १९५६ पर्यंत हा भाग हैदराबाद राज्यात होता, आणि त्या राज्याचा १९५० चा कूळकायदा व १९५४ चा इनाम निर्मूलन कायदा यांची छाया इथल्या जमिनींवर आजही आहे. चरितार्थासाठी दिलेली मदतमाश आणि देवस्थान, मशीद वा दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली खिदमतमाश, असे जुने इनाम इथे जागोजागी आहेत. न्यासाला द्यायची जमीन त्यांपैकी असेल, तर आजचा सातबारा पाहून भागत नाही. जुने फेरफार आणि इनामाच्या नोंदी काढाव्या लागतात. वक्फ मालमत्तेची व्यवस्था तर निराळ्याच कायद्याने चालते. तिच्या राज्य मंडळाचे मुख्यालय याच शहरात, पाणचक्कीला आहे. जमिनीचा हा पूर्वेतिहास विचारणारा वकीलच खऱ्या अर्थाने स्थानिक.

तयार नमुने मिळत असताना वकिलावर खर्च कशाला, असा आक्षेप रास्त वाटतो. पण विश्वस्ताचे निधन झाले तर नवा कोण नेमणार, मुदत किती, गणपूर्ती किती, हे ठरवून घेतल्याशिवाय नमुन्यातले कलम निरुपयोगी असते. सार्वजनिक न्यासाचा विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. नेमणुकीची पद्धतच संदिग्ध असेल, तर तोच अर्ज वादाचे मूळ होतो. न्यासाची स्थावर मालमत्ता विकायलाही धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. सीए आयकर सवलतीसाठी हवाच, मात्र वारसाहक्क आणि मालकी तपासणे हे वकिलाचे काम आहे. मुंबईचा नामवंत वकील अधिक जाणता असेल, हेही खरे. परंतु सह धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आणि १९८१ पासून उच्च न्यायालयाचे खंडपीठ याच शहरात असताना, नेहमीच्या पाठपुराव्याला इथला माणूस सोयीचा. स्थानिक वकील गावकीत गुंतलेला असण्याची भीती मात्र खरी आहे. कुटुंबातील दुसऱ्या पक्षाचे किंवा संबंधित संस्थेचे काम तो पाहतो का, हे आधीच स्पष्ट विचारावे.

वकिलांना जाहिरातीची मनाई असल्याने फलकांवरून पारख होत नाही. वर्षानुवर्षे नीट चाललेल्या न्यासांच्या विश्वस्तांना विचारावे, दोघा-तिघांना भेटावे, फी आणि कामाची व्याप्ती लेखी घ्यावी. या भेटीत आपल्याला उत्तर देता न आलेले प्रश्न घरी येऊन लिहून काढावेत. न्यासपत्राचा खरा मसुदा तिथून सुरू होतो.