गोळ्या चालू आहेत, तरीही

सकाळी ७. घराबाहेर पडण्याआधी एक फोन. ‘पाळी संपली ना? मग आज यायचं.’ एचआयव्हीचं नाव फोनवर काढायचं नाही, फोन सासूही उचलते. ‘हो ताई, दोन घरची भांडी उरकली की निघते,’ ती म्हणते. पालेगावच्या टॉवरमध्ये ती धुणीभांडी करते, दुपारी घरी बसून जीन्सचे धागे कापते. नवरा गेल्यापासून गोळी एकदाही चुकलेली नाही.

८.३०. शेअर रिक्षाने अंबरनाथ स्टेशन, तिथून उल्हासनगर. एचआयव्हीच्या कामाचं ओळखपत्र मी गळ्यात घालत नाही. माझ्याशी बोलताना दिसली म्हणून कुणाच्या घरात प्रश्न उठायला नकोत.

१०. एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्यांच्या सेंटरची रांग. सरकारने १ एप्रिल २००४ पासून या गोळ्या मोफत द्यायला सुरुवात केली. त्याआधी माणसं टीबीने, जुलाबाने तरणीताठी जायची. आता ती जगतात, पोरांची लग्नं करतात, म्हणूनच कॅन्सरकडे बघायची वेळ आली आहे. एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होण्याचा धोका इतर बायकांच्या सहा पट, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो करणारा एचपीव्ही हा विषाणू वेगळा. निरोगी बाईचं शरीर त्याला बहुतेक वेळा हुसकावून लावतं, पण प्रतिकारशक्ती एकदा खचली असेल तर तो ठाण मांडून बसतो. एआरटीच्या गोळीचा त्याच्यावर थेट इलाज नाही. म्हणून पंचविशीपासूनच, दर ३ ते ५ वर्षांनी तपासणी हवी.

तिच्या हातात व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तातला एचआयव्ही मोजल्याचा, चांगला रिपोर्ट आहे. ‘सगळं छान आहे म्हणाले. मग खालून कशाला तपासायचं?’ याच प्रश्नाशी माझं रोजचं भांडण. गोळ्या एका खिडकीवर, बायकांची तपासणी भलत्याच मजल्यावर, आणि मधल्या जिन्यात बायका गळतात. मी तिला एकटीला सोडत नाही.

११.३०. पडदा ओढला. सिस्टर म्हणाल्या, ‘पाय सैल सोड, श्वास घे.’ पातळ ॲसिटिक ॲसिडमध्ये बुडवलेला कापूस त्यांनी पिशवीच्या तोंडाला लावला आणि घड्याळाकडे बघत मिनिटभर थांबल्या. माझा हात तिने घट्ट धरलेला. दिव्याखाली एका कडेला पांढरा डाग उठला, दाट, कडा स्पष्ट.

‘म्हणजे कॅन्सर झाला?’

नाही. पण बदल सुरू झाले असतील, म्हणून आता दुर्बिणीतून बघतील, गरज वाटली तर तुकडा काढतील. कॅन्सरच्या आधीची पायरी निघाली तर तेवढाच भाग जाळता येतो. हे तिला तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ती रडायची थांबली.

याच साध्या तपासणीवर टाटा हॉस्पिटलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूने मुंबईच्या वस्त्यांत वर्षानुवर्षं काम केलं. दहावी शिकलेल्या बायकांना शिकवून त्यांच्याकडून तपासण्या करवल्या. या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, निष्कर्ष २०१४ साली छापून आले. मोठं यंत्र लागलं नाही. मला त्या दहावी पास बायकांचा फार अभिमान वाटतो.

२. डबा.

३.३०. अंबरनाथ पूर्वेला घरभेट. गडी गोळ्या नेमाने घेतो, पण गालात तंबाखू, म्हणून तोंडाच्या कॅन्सरची धास्ती. ‘तोंड उघडा, बोटं घाला.’ तीन जायला हवीत, दोनच जातात. एका खाजगी दातांच्या डॉक्टरने एचआयव्ही ऐकून त्याला परत पाठवलं होतं. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने असा नकार देता येत नाही, हे त्याला समजावलं आणि सरकारी दंतविभागात माझ्यासोबत यायला राजी केलं.

६.३०. रजिस्टर. सकाळच्या तिच्या नावापुढे दुर्बिणीच्या तपासणीचा गुरुवार लिहिला. तेवढ्यात तिचाच फोन, ‘ताई, खाडा धरतील. मॅडमना काय सांगू?’

‘बायकांची तपासणी आहे म्हण. पैसे कापले तर मला सांग, मी येऊन बोलते.’