मर्यादित खर्चात बराकपूर : बचत ठरते ती घर सोडण्यापूर्वी

बराकपूर (कोलकाता) : महाराष्ट्रातून पश्चिम बंगालच्या सहलीला निघणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाचे अंदाजपत्रक कोलमडते, तेव्हा दोष सहसा रेल्वे भाड्याला दिला जातो. प्रत्यक्षात उशिरा ठरवलेली तारीख, शहराच्या महागड्या भागातील खोली आणि प्रत्येक ठिकाणासाठी स्वतंत्र मोटार या तीन गोष्टी अधिक पैसे खातात. या तिन्ही खर्चांना नियोजनाने आळा घालता येतो. कोलकात्याच्या उत्तरेस, हुगळी नदीच्या पूर्व काठावर वसलेले बराकपूर हे त्याचे चांगले उदाहरण आहे. येथे लोकल गाडी आणि नदीवरील नौका ही दोनच साधने पर्यटकाचे बहुतेक काम भागवतात.

बराकपूरच का?

उत्तर चोवीस परगणा जिल्ह्यातील हे गाव ब्रिटिशांच्या भारतातील सर्वांत जुन्या लष्करी छावण्यांपैकी एक. २९ मार्च १८५७ रोजी ३४ व्या बंगाल नेटिव्ह इन्फंट्रीतील शिपाई मंगल पांडे यांनी येथेच इंग्रज अधिकाऱ्यांवर शस्त्र उचलले आणि ८ एप्रिलला त्यांना फाशी देण्यात आली. त्या वर्षी कर्ज फेडण्यासाठी द्रव्य मिळवावे म्हणून कोकणातील वरसईहून उत्तरेकडे निघालेले विष्णुभट गोडसे ज्या उठावात सापडले आणि ज्याचे वर्णन त्यांनी ‘माझा प्रवास’ या ग्रंथात केले, त्याची पूर्वसूचना बराकपूरने दिली होती. मराठी वाचकाला १८५७ ची ओळख झाशी आणि ग्वाल्हेरच्या अंगाने असते. तिची पहिली पाने या नदीकाठी आहेत.

मंगल पांडे यांच्या स्मरणार्थ येथे नदीकाठी उद्यान आहे. महात्मा गांधी यांच्या अस्थींचा काही भाग बराकपूरजवळ हुगळीत विसर्जित करण्यात आला. तेथील गांधी घाटाची रचना वास्तुविशारद हबीब रहमान यांनी केली असून १५ जानेवारी १९४९ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. गांधी स्मारक संग्रहालय आणि दक्षिणेश्वरच्या मंदिराशी साम्य असलेले १८७५ चे अन्नपूर्णा मंदिरही याच परिसरात आहे. ‘लाटबागान’ या नावाने ओळखला जाणारा गव्हर्नर जनरलांच्या उद्यानाचा मोठा भाग मात्र आज पोलीस प्रशिक्षण संस्थेच्या आवारात येतो. तेथील प्रवेश मर्यादित असल्याने पूर्वपरवानगी हाती नसताना त्या भेटीसाठी वेळ राखून ठेवू नये.

तारीख आधी, बाकी सारे नंतर

मुंबई ते हावडा हे नागपूरमार्गे अंतर सुमारे १,९७० किलोमीटर आहे. इतक्या लांबच्या प्रवासात आरक्षण मिळणे न मिळणे यावरच खर्च ठरतो. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे. त्यामुळे चार महिने आधी तिकीट काढून निर्धास्त होण्याची जुनी सवय आता उपयोगाची नाही. प्रवासाच्या तारखेपासून मागे साठ दिवस मोजून तो दिवस दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावा. परतीच्या तिकिटाचा दिवस वेगळा येतो, तोही नोंदवावा.

ही संधी हुकली की तत्काळचा आधार उरतो. वातानुकूलित वर्गाचे तत्काळ आरक्षण आदल्या दिवशी सकाळी १० वाजता आणि शयनयान वर्गाचे ११ वाजता खुले होते. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधार प्रमाणीकरण आवश्यक झाले आहे. ते काम ऐन वेळी न करता आधीच उरकून ठेवणे शहाणपणाचे. शयनयानात तत्काळचा अधिभार माणशी दोनशे रुपयांपर्यंत जातो; चौघांच्या कुटुंबाला जाता-येता तो भरावा लागला तर सोळाशे रुपये विनाकारण खर्ची पडतात. शिवाय निश्चित झालेले तत्काळ तिकीट रद्द केल्यास सर्वसाधारणपणे परतावा मिळत नाही.

ज्येष्ठ नागरिकांसाठीची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद करण्यात आली. आई-वडिलांना सोबत नेताना अनेक कुटुंबे अजूनही जुन्या सवलतीच्या हिशेबाने चालतात आणि आरक्षणाच्या वेळी त्यांचा अंदाज चुकतो. लहान मुलांच्या बाबतीतही नियम पाहून घ्यावा. पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र बर्थ घेतल्यास पूर्ण भाडे पडते, बर्थ न घेतल्यास निम्मे.

वर्ग कोणता, हा खरा आकडा

मुंबई ते हावडा शयनयानाचे भाडे आठशे रुपयांच्या आसपास, तर तृतीय वातानुकूलित वर्गाचे दोन हजारांच्या पुढे आहे. चार प्रौढांचा जाण्या-येण्याचा हिशेब मांडला तर पहिल्या पर्यायात सुमारे साडेसहा हजार आणि दुसऱ्यात सोळा हजारांहून अधिक रुपये लागतात. मधला दहा हजारांचा फरक म्हणजे साध्या लॉजमधील चार-पाच रात्रींचे भाडे. थंडीच्या दिवसांत शयनयानाचा प्रवास सुसह्य असतो, तेव्हा ही बचत सहज साधते. मे महिन्यात मात्र विदर्भ आणि छत्तीसगडच्या उन्हातून तीस तास जायचे असल्यास वृद्ध आणि लहान मुलांच्या प्रकृतीचा विचार आधी करावा. एका दिशेने शयनयान आणि दुसऱ्या दिशेने वातानुकूलित वर्ग असा मध्यम मार्गही काढता येतो.

कमी पैशांतला प्रवास त्रासाचाच असावा असे नाही, हा विचार याच मार्गावर एका मराठी रेल्वेमंत्र्याने रुजवला. कोकणातील राजापूरचे खासदार प्रा. मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या काव्यसंग्रहाचे नाव मिळालेली ही गाडी त्या वेळी वर्गविरहित होती. द्वितीय श्रेणीच्या शयनयानातील कठीण बाकांना दोन इंच जाडीची गादी बसवण्याचा निर्णयही दंडवते यांच्याच कारकिर्दीतला. आज गीतांजलीला वातानुकूलित डबे आहेत. तरीही कमी भाड्यात बंगाल गाठणाऱ्यांची ती महत्त्वाची गाडी आहे. पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेसचा पर्याय आहे.

एका तिकिटात दोन मुक्काम

रेल्वेचे प्रतिकिलोमीटर भाडे अंतर वाढेल तसे कमी होत जाते. म्हणून एकाच प्रवासाची दोन तुकड्यांत काढलेली तिकिटे सलग तिकिटापेक्षा महाग पडतात. वाटेत उतरायचे असेल तर प्रवासखंडाची सोय विचारात घ्यावी. पाचशे किलोमीटरहून लांबच्या तिकिटावर पहिले पाचशे किलोमीटर पूर्ण झाल्यानंतर वाटेतील स्थानकावर दोन दिवसांपर्यंत थांबता येते. हजार किलोमीटरहून लांबच्या तिकिटावर असे दोन थांबे घेता येतात. राजधानीसारख्या काही गाड्यांना ही मुभा नाही. मुंबईहून निघालेल्या कुटुंबाला नागपूरला नातेवाइकांकडे दोन दिवस राहून पुढे जाणे त्यामुळे शक्य होते. यासाठी आरक्षण खिडकीवर तिकीट काढतानाच थांब्याचे स्थानक सांगून दोन्ही टप्प्यांचे आरक्षण घ्यावे लागते.

पुरी, भुवनेश्वरसह मोठा फेरा करून पुन्हा मूळ स्थानकावर परतणाऱ्यांसाठी रेल्वेचे वर्तुळाकार प्रवास तिकीटही आहे. त्यात जास्तीत जास्त आठ थांबे घेता येतात आणि लांब अंतराच्या कमी दराचा लाभ मिळतो. मार्ग आधी निश्चित करून रेल्वेकडे अर्ज करावा लागतो, म्हणून त्याची तयारी लवकर सुरू करावी.

हावड्याहून सियालदह, नदीखालून

महाराष्ट्रातून येणारा प्रवासी हावड्याला उतरतो, तर बराकपूरची लोकल सियालदहहून सुटते. या दोन स्थानकांमधील टॅक्सीचा खर्च पूर्वी टाळणे कठीण होते. २२ ऑगस्ट २०२५ रोजी कोलकाता मेट्रोच्या ग्रीन लाइनचा एस्प्लनेड ते सियालदह हा टप्पा खुला झाल्यापासून हुगळीच्या पात्राखालून जाणारी मेट्रो ही दोन्ही स्थानके थेट जोडते. मुंबईहून येणाऱ्या काही गाड्या मात्र हावड्याऐवजी शालिमारला संपतात. तेथून शहरात येण्यासाठी बस किंवा टॅक्सी घ्यावी लागते. तिकीट काढताना शेवटचे स्थानक कोणते, हे पाहिले तर हा खर्च आणि धावपळ दोन्ही वाचते.

सियालदह ते बराकपूर हे २३ किलोमीटरचे अंतर लोकल पाऊण तासात कापते आणि भाडे दहा रुपयांच्या घरात आहे. सकाळी कार्यालयीन वेळेत गर्दी कोलकात्याच्या दिशेने असते, संध्याकाळी उलट. सकाळी बराकपूरकडे जाणाऱ्याला त्यामुळे तुलनेने मोकळी गाडी मिळते. स्थानकाबाहेर ई-रिक्षा उभ्या असतात. येथे त्यांना ‘टोटो’ म्हणतात. संपूर्ण टोटो ठरवण्याऐवजी माणशी भाड्याने बसावे आणि बसण्यापूर्वी दर विचारून घ्यावा.

दोन काठांचा एक फेरा

आल्या वाटेने न परतता नदी ओलांडली, तर त्याच खर्चात दुसरे शहर पाहून होते. बराकपूरच्या धोबी घाटावरून पैलतीरावरील श्रीरामपूरला नौका जातात. श्रीरामपूरहून हावडा लोकलने २० किलोमीटर आहे. सियालदह, बराकपूर, श्रीरामपूर आणि हावडा असा हा फेरा लोकल व नौका मिळून माणशी पन्नास रुपयांच्या आत पूर्ण होतो. हावड्याहून हुगळीपर्यंतचा लोहमार्ग १५ ऑगस्ट १८५४ रोजी, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावल्यानंतर सोळा महिन्यांनी सुरू झाला. परतीची लोकल त्याच ऐतिहासिक मार्गावरून येते.

श्रीरामपूरला मराठी माणसाने जावे, याला आणखी सबळ कारण आहे. १७५५ ते १८४५ या काळात हे शहर डेन्मार्कच्या ताब्यात होते. १८०० मध्ये येथे सुरू झालेल्या मिशनच्या छापखान्यातून मराठी मुद्रणाचे अगदी आरंभीचे ग्रंथ बाहेर पडले. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी-इंग्रजी शब्दकोश १८१० मध्ये प्रसिद्ध झाला. कोलकात्याच्या फोर्ट विल्यम महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या केरींना पंडित वैजनाथ शर्मा यांचे साहाय्य लाभले होते. १८१८ मध्ये स्थापन झालेले श्रीरामपूर महाविद्यालय, केरींची समाधी आणि जीर्णोद्धार झालेले डॅनिश काळातील सेंट ओलाव्ह चर्च एका दुपारीत पाहून होते.

हाती आणखी एक दिवस असेल तर याच मार्गावर पुढे १९५० पर्यंत फ्रेंच प्रशासनाखाली असलेले चंदननगर, १८२५ पर्यंत डच वसाहत असलेले चुंचुडा, हुगळीचा इमामबाडा आणि पोर्तुगीजांनी उभारलेले बंडेलचे चर्च आहे. हावडा ते बंडेल हे अंतर ४० किलोमीटर आहे आणि या सर्व ठिकाणी लोकल थांबते. हीच ठिकाणे मोटार भाड्याने घेऊन पाहायची तर दिवसाला हजारो रुपये मोजावे लागतात.

मुक्काम, जेवण आणि ऋतू

खोली निवडताना केवळ तिचे भाडे पाहू नये. तेथून रोजच्या जाण्या-येण्याला काय लागेल, तेही त्यात मिळवावे. स्थानकापासून दूरची स्वस्त खोली टॅक्सीच्या खर्चाने महाग ठरते. म्हणून सियालदह किंवा हावड्याच्या चालण्याच्या अंतरातील लॉज सोयीचे. निश्चित तिकीट असलेल्या प्रवाशांना मोठ्या स्थानकांवरील विश्रांती कक्षही आरक्षित करता येतात. शांत मुक्काम हवा असल्यास राज्य पर्यटन विकास महामंडळाचे ‘मंगलधारा’ हे निवासस्थान बराकपूरलाच नदीकाठी आहे.

जेवणाचा खर्च येथे आटोक्यात राहतो. भात-माशांची साधी थाळी, लुची आणि आलूर दम, मुरमुऱ्यांची झालमुडी सर्वत्र मिळते. बराकपूर स्थानकाच्या परिसरातील बटाटा घातलेली बिर्याणी खाण्यासाठी कोलकात्याहूनही लोक येतात. शाकाहारी कुटुंबांनी जेवणाची ठिकाणे आधी हेरून ठेवावीत.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ हवामानाच्या दृष्टीने उत्तम. दुर्गापूजेच्या दिवसांत शहराचे वैभव डोळे दिपवते, मात्र खोल्यांचे दर चढलेले असतात आणि लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. दिवाळीनंतरचे साधे आठवडे किंवा जानेवारीचा उत्तरार्ध खिशाला आणि प्रकृतीला मानवणारा ठरतो.

क्रम महत्त्वाचा

या साऱ्या नियोजनात क्रम पाळला तर बचत आपोआप होते. आधी तारीख, मग दोन्ही बाजूंचे आरक्षण, नंतर स्थानकाजवळील खोली आणि शेवटी दिवसागणिक स्थळांची यादी. संग्रहालयांची साप्ताहिक सुटी पाहूनच दिवस वाटून घ्यावेत. एकूण रकमेचा दहावा हिस्सा आजारपण, चुकलेली गाडी किंवा रद्द झालेली नौका यांसाठी बाजूला ठेवावा. सहलीचा कार्यक्रम या राखीव रकमेच्या भरवशावर आखू नये. पावसाळी वारा असेल तेव्हा नौका बंद राहू शकतात, म्हणून बराकपूरहून सियालदहला परतण्याचा पर्याय मोकळा असावा. शेवटच्या दिवशी लांबचे काही न ठेवता हावड्याजवळच राहावे, कारण चुकलेल्या परतीच्या गाडीचा भुर्दंड आठवडाभराच्या काटकसरीवर पाणी फिरवतो.