टाक्यांनंतरचा उपचार

पुणे जिल्ह्यातल्या आंदर, नाणे आणि पवन मावळातल्या वाड्यावस्त्यांवर मार खाल्लेली बाई पोलीस ठाण्याची पायरी सहसा चढत नाही. माहेरी गेली तर चार दिवसांत परत पाठवणी होते. दवाखान्यात जायला मात्र तिला कारण लागत नाही. हात मोडला, डोकं फुटलं, की घरचेच तिला वडगाव, कान्हे, तळेगाव नाहीतर लोणावळ्याला आणतात. केसपेपरवर 'पडून दुखापत' एवढंच लिहिलं जातं. टाके पडतात, गोळ्या मिळतात आणि बाई त्याच घरात परत जाते. हिंसा ओळखण्याची पहिली संधी आरोग्यव्यवस्थेच्या हाती असते, आणि ती अशी निसटते.

ही संधी साधायचं काम वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात झालं. 'सेहत' ही आरोग्यविषयक संशोधन संस्था आणि मुंबई महापालिका यांनी २००० साली तिथे हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी 'दिलासा' केंद्र उभं केलं. सार्वजनिक रुग्णालयात चालणारं असं हे देशातलं पहिलं केंद्र. पुढे राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानातून महापालिकेच्या ११ रुग्णालयांत ही केंद्रं निघाली. केरळ, हरियाणा, मेघालय या राज्यांनीही याच धर्तीवर आपापली केंद्रं सुरू केली.

'दिलासा'चं बळ रुग्णालयाच्या रोजच्या कामकाजात आहे. तिथल्याच डॉक्टर-परिचारिकांना प्रशिक्षण दिलं गेलं. सांगितलेलं कारण आणि जखम यांचा मेळ बसत नसेल, विष प्यायल्याची किंवा भाजल्याची केस असेल, गरोदरपणात पोटावर मार दिसत असेल, तर सोबतच्या माणसांना बाहेर बसवून बाईला एकटीला विचारायचं. ती बोलली की समुपदेशक तिच्याशी बोलते: आज घरी जाणं सुरक्षित आहे का, मुलं कुठे आहेत, जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात येतो का? घरी धोका असेल तर देखरेखीच्या नावाखाली तिला थोडा काळ वॉर्डातच ठेवून घेता येतं. मारहाण कुणी केली हे तिच्या शब्दांत नोंदवलं, तर तोच कागद पुढे कोर्टात पुरावा ठरतो.

रस्त्यावरच्या हिंसेलाही ही रीत लागू पडते. अमेरिकेत ओकलंड शहरात १९९४पासून 'यूथ अलाइव्ह' संस्थेची माणसं गोळी लागलेल्या तरुणाच्या खाटेपाशी जाऊन बसतात. ती त्याच्याच वस्तीतली असल्यामुळे तो त्यांचं ऐकतो. सूड घेण्याचा विचार तिथेच थांबवायचा, मग शाळा, काम, घर यांची वाट दाखवायची, हा त्यांचा क्रम. जमिनीच्या वादातून किंवा भावकीच्या भांडणातून डोकं फुटून आलेल्या आपल्याकडच्या पोरालाही टाक्यांइतकीच अशा माणसाची गरज असते.

कायदा याला पाठबळ देतो. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ याच्या कलम ७नुसार पीडितेने मागणी केल्यास तिला वैद्यकीय मदत देणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. आधी तक्रार नोंदवलेली नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. बलात्कार आणि ॲसिडहल्ल्याच्या पीडितांना सरकारी व खासगी दोन्ही रुग्णालयांनी तातडीने मोफत उपचार द्यायचे, हे २०१३पासून कायद्यात आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाकडे गुन्हेगार म्हणून न बघता तो तीव्र तणावाखाली होता असं मानायचं, हे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने सांगितलं.

मावळात यासाठी नवी इमारत बांधायला नको. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या अपघातांसाठी जे अपघात विभाग रात्रंदिवस जागे असतात, तिथेच दाराला कडी असलेली एक खोली, एक पगारी समुपदेशक आणि प्रत्येक पाळीत विचारायला शिकलेली एक परिचारिका हवी. गावात घरोघर जाणाऱ्या आशाताईंना त्या खोलीचा पत्ता ठाऊक हवा. पगाराची तरतूद मात्र कायमची हवी, कारण प्रकल्पाच्या पैशावर उभी राहिलेली खोली प्रकल्पाबरोबरच बंद होते. मुंबईत महापालिकेने ही जबाबदारी आपली मानली म्हणून 'दिलासा' टिकलं. मावळात ती जिल्हा परिषदेने, नगरपरिषदेने आणि राज्याच्या आरोग्य विभागाने आपली मानावी; तशी मागणी ग्रामसभांच्या ठरावांतून व्हायला हवी.